पुडिंगला नकार, लॅटिनलाही नकार: इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाईंना नेमकं काय जड गेलं?

सोनगीरच्या घरात कुणी ‘मनी माय’ म्हटलं, की सगळ्यांना कळतं: माझी आई. तोच मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि हॉस्टेलवर फोनवर हेच बोलला, की शेजारच्या खाटेवरचा विचारतो, मांजर पाळलंय का? अहिराणीतलं ‘मना’ म्हणजे माझा. पुणेरी कानाला ती स्वतःच्याच मनाला मारलेली हाक वाटते.

खान्देशातल्या पोरांना हे नवं नाही. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, मुलाखतीत इंग्रजी. आता मुंबई-आग्रा महामार्गावरच्या गावांतूनही मुलं-मुली जर्मनी-कॅनडाची स्वप्नं बघतात, म्हणजे आणखी एक भाषा आली. भाषा येते, सवयीनं येतेच. अडतं ते पुढं. तिथलं ताट, कपडे, देव, मुलांची बोली यांतलं किती उचलायचं आणि कुठं थांबायचं?

१८८३ साली एक मराठी विधवा दोन वर्षांची मुलगी घेऊन इंग्लंडला गेली आणि तिथं तिनं या प्रश्नावर ज्यांच्या घरी राहत होती त्यांच्याशीच वाद घातला. ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांची ओळख आपल्याकडं बहुतेक वेळा धर्मांतर आणि विधवांसाठीच्या संस्था एवढ्यावर संपते. भाषेच्या अंगानं त्यांचं आयुष्य पाहिलं, तर वेगळीच बाई भेटते.

घर नव्हतं, भाषा होत्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या घाटात गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित. बायकोला संस्कृत शिकवण्याचा त्यांचा हट्ट समाजाला रुचला नाही, म्हणून ते रानात जाऊन राहिले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे बिऱ्हाड तीर्थयात्रेला निघालं आणि पुढं वर्षानुवर्षं चालतच राहिलं. देवळात, घाटावर बसायचं, पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर पोट भरायचं. आई लक्ष्मीबाईंनी या भटकंतीतच मुलीला संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले.

घरात मराठी, पोथीत संस्कृत, भोवताली कन्नड, पुढं हिंदी आणि बंगाली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलीच्या जिभेवर एवढ्या भाषा होत्या.

१८७६-७७ च्या सुमाराच्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळानं आई, वडील, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उत्तरेकडं चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या काळी बाईमाणसाला हे मिळणं म्हणजे अजबच होतं.

खुर्च्यांची पूजा

कलकत्त्यातच एक गमतीचा प्रसंग घडला. तो रमाबाईंनी पुढं स्वतःच्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. काही ख्रिस्ती मंडळींनी भावा-बहिणीला आपल्या मेळाव्याला बोलावलं. चहा, पाव, बिस्किटं आली. ब्राह्मण घरातल्या या दोघांना वाटलं, कलियुग पुरतं अवतरलं! मग प्रार्थना सुरू झाली. सगळे खुर्च्यांकडं तोंड करून गुडघ्यांवर बसले आणि डोळे मिटून बोलू लागले. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. रमाबाई आणि श्रीनिवास यांनी साधा हिशेब केला: ही माणसं खुर्च्यांची पूजा करतात.

यजमानांनी त्यांना संस्कृतातलं बायबल भेट दिलं. पंडिता पदवीची मानकरी ते वाचायला बसली आणि तिला ते कळेना. शब्द संस्कृत होते, पण त्यांची जुळणी आणि अर्थ पुराणांच्या, काव्यांच्या संस्कृतासारखे नव्हतेच. ज्या भाषेत लहानाची मोठी झाली, त्याच भाषेतलं पुस्तक परकं निघालं. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांची विधवा मुलीला घेऊन पुण्याला आली. तिथं आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढं मराठीतून साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. डॉक्टर आपणच व्हावं, हे मनात होतं. त्यासाठी इंग्लंडला जायला हवं आणि त्यासाठी इंग्रजी. पुण्यात इंग्रजीचे धडे सुरू झाले आणि ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे पैसे प्रवासखर्चाला आले.

मराठी द्या, इंग्रजी घ्या

एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून बोट सुटली. सोबत मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. (या लेखात आणखी दोन आनंदीबाई येतील, घोटाळा होऊ देऊ नका.)

ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला वाँटेज नावाचं छोटं गाव आहे. तिथं सेंट मेरी द व्हर्जिन या ख्रिस्ती भगिनीसंघाचा मठ होता. या संघाचं काम पुण्यातही चालायचं, तिथूनच ओळख झाली होती. व्यवहार सरळ होता. हिंदुस्थानात कामाला जाणाऱ्या सिस्टरना रमाबाईंनी मराठी शिकवायची, बदल्यात राहणं, जेवण आणि इंग्रजी. धर्म बदलायची अट त्यात नव्हती.

पहिलं संकट शरीरातूनच आलं. रमाबाईंना कानानं कमी ऐकू यायचं आणि ते वाढत होतं. डॉक्टरकीचा बेत त्यापायी सोडावा लागला. ज्या शिक्षणासाठी एवढा समुद्र ओलांडला, तेच दार बंद झालं. इंग्रजीतही लिहितात एक, बोलतात भलतंच. शब्द कानावर पडून पडून ती जिभेवर बसते. ज्याला अर्धवटच ऐकू येतं त्यानं ती शिकायची कशी? रमाबाईंनी ती मुख्यतः डोळ्यांनी आणि हातानं शिकली असावी. कारण दोन वर्षांच्या आत त्यांची इंग्रजी पत्रं इतकी धारदार झाली, की ज्यांनी इंग्रजी शिकवली त्यांनाच ती बोचू लागली.

दुसरा घाव फार मोठा होता. पोहोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांचा मनाचा तोल गेला. आपल्याला जबरदस्तीनं बाटवतील ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. त्यातच त्यांनी जीव दिला. परक्या गावात आपली भाषा बोलणारं एकुलतं मोठं माणूस गेलं. रमाबाईंवर काय गुदरलं असेल, याची कल्पना परदेशात एकट्यानं पहिला हिवाळा काढलेल्यांना थोडी तरी येईल.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. बाई तिकडच्या झाल्या, असा पुण्यातला सूर होता. मठातल्या लोकांनाही वाटलं, आता या आपल्या झाल्या. दोघांचाही अंदाज चुकला.

पुडिंगचं भांडण

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथं इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचं छान जमलं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन मात्र स्वतःला त्यांची धर्ममाता मानत आणि मुलीवर ठेवावं तसं लक्ष ठेवत.

त्यांची एक तक्रार जेवणावरून होती. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई शाकाहारीच राहिल्या. मांस-मासे तर सोडाच, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नको. जेराल्डिनबाईंना यात जातीचा जुना ताठा दिसला.

रमाबाईंनी काय उत्तर दिलं? जातीचे सगळे संस्कार धुऊन निघालेत असा दावा त्यांनी केलाच नाही, उलट काही उरले असतील हे मोकळेपणानं मान्य केलं. पण मग त्यांनी उलटा प्रश्न टाकला. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि कुणाला त्रास होत नसताना तिनं आपल्या चालीरीती तशाच ठेवल्या, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? आणि ताठाच शोधायचा तर तो खाण्यापिण्यात, बुटामोज्यांत, थंडीत जाळल्या जाणाऱ्या कोळशातही सापडेल, असा टोलाही हाणला.

ज्यांच्या घरात राहतोय, ज्यांच्या पैशावर शिकतोय, त्यांना हे लिहायचं म्हणजे काय, ते उपकाराच्या भाकरीवर दिवस काढलेल्या कुणालाही कळेल. कृतघ्न हा शिक्का तयारच असतो आणि तो बसलाही. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळानं अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो पुस्तकरूपानं काढला. म्हणून आपल्याला दोन्ही बाजू वाचता येतात. माझं मत विचाराल तर जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. आपली रीत म्हणजेच माणसाची सरळ रीत, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. अशा माणसाशी भांडणं दुष्टाशी भांडण्यापेक्षा अवघड.

क्रूसावरची अक्षरं

दुसरं भांडण थेट भाषेचं. रमाबाईंनी गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बायांनाही येत नाही. मग ती अक्षरं मी का मिरवू? लिहायचंच तर संस्कृतात लिहा. लॅटिन पवित्र आणि संस्कृत नाही, असं कुणी ठरवलं?

यात एक गोम आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. संस्कृत तरी देशातल्या किती बायांना येत होतं? रमाबाईंना येत होतं, कारण एका वेड्या बापानं बायकोला आणि त्या आईनं मुलीला शिकवलं. पण त्या घडीला त्यांचा मुद्दा वेगळा होता: धर्म स्वीकारला म्हणून युरोपची भाषा, वेष, ताट हे सगळं गाठोडं उचलावंच लागतं का? ख्रिस्ती झाल्यावरही आपण हिंदुस्थानी चालीनं राहणार, हे त्या वारंवार सांगत होत्या. अंगावर साडी होती ती होतीच.

त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा आणखी एक गंमत झाली. हिंदुस्थानातल्या बिशपांचा सल्ला घेतला गेला. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी मोडता घातला: बाईनं पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिची पत जाईल. लहानपणापासून घाटावर हजारो पुरुषांसमोर पुराण सांगितलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत उभ्या राहिलेल्या बाईला तिच्याच देशाची रीत शिकवली जात होती. रमाबाई संतापल्या नसत्या तरच नवल.

आणि मनोरमा? ती इंग्रजीत बोलत, इंग्रजीत प्रार्थना करत वाढत होती. तिला कोणते धर्मसिद्धांत घोकवायचे, यावरून आई आणि मठ यांची रस्सीखेच चालली. रमाबाईंना स्वतःलाच त्रैक्याच्या शिकवणीबद्दल शंका होत्या, मुलीच्या तोंडी ती घालायची घाई त्यांना नको होती. आपली मुलगी देशातल्या बायकांपेक्षा वेगळी, वरची कुणी म्हणून परत जाऊ नये, त्यांच्यातलीच एक राहावी, हा त्यांचा आग्रह होता. परदेशी राहणाऱ्या मराठी आई-बापांना हे दुखणं आजही ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की रमाबाईंकडं शनिवारची मराठी शाळा नव्हती.

अमेरिका: पाहणारी डोळे वटारून पाहते

१८८६ च्या सुरुवातीला फिलाडेल्फियाहून बोलावणं आलं. दुसऱ्या आनंदीबाई, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी, ११ मार्च १८८६ रोजी तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणार होत्या. त्या रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. मठाला हा प्रवास पसंत नव्हता. रमाबाई गेल्या. समारंभापुरत्या गेलेल्या बाई अडीच वर्षांहून जास्त राहिल्या.

इथं त्यांना मोकळं वाटलं. इंग्लंडमध्ये त्या कुणाच्या तरी धर्मकन्या होत्या, अमेरिकेत वक्त्या. पांढऱ्या साडीत, इंग्रजीतून, शहरोशहरी भाषणं. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनला त्यांच्या नियोजित शाळेसाठी पैसे जमवणारी रमाबाई असोसिएशन उभी राहिली. त्याच फेब्रुवारीत पुण्यात आनंदीबाई जोशी क्षयानं गेल्या होत्या, वय वर्षं २१.

तिथं हिंडताना, शिकताना रमाबाई नोंदी घेत होत्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत आलं. तोवर गोरे प्रवासी आपल्याकडं येऊन आपल्याबद्दल लिहीत होते. इथं एक मराठी बाई त्यांच्या घरात शिरून त्यांची राज्यपद्धती, घरसंसार, शाळा, हिवाळा यांचा हिशेब मांडते. कौतुक भरपूर आहे. पण कोलंबसाच्या एका चुकीनं ज्यांना ‘इंडियन’ हे नाव चिकटलं, त्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्या सांगतात आणि काळ्या माणसांबद्दलचा तिथला दुजाभावही लपवत नाहीत. स्वतःही ‘इंडियन’ असलेल्या बाईनं हे लिहावं, यातला योगायोग पाहण्यासारखा आहे. मीरा कोसंबी यांनी पुढं या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं, म्हणून आज अमेरिकेतले अभ्यासकही ते वाचतात.

परत आल्यावर पुन्हा परकं

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. पुढं महर्षी कर्वे यांच्याशी लग्न झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. तिसऱ्या आनंदीबाई त्या ह्याच. सदन नंतर पुण्याला हललं. धर्मांतराच्या वादानं गदारोळ झाला, मुली काढून नेल्या गेल्या. तो इतिहास बराच लिहिला गेला आहे.

भाषेची गोष्ट केडगावला पुढं सरकते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो आल्या. हाच तो छप्पनचा दुष्काळ, खान्देशालाही त्यानं झोडपलं होतं. पुण्याजवळच्या केडगावात मुक्ती सदन वसलं आणि तिथल्या बायकांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. कुणी हिंदी बोलणारी, कुणी गुजराती, कुणी गावाकडची मराठी. माग, तेलघाणा, दूधदुभतं, छापखाना सगळं तिथंच. मनोरमा आता मोठी झाली होती. आईला जी भीती होती ती खरी ठरली नाही. ती परत आली आणि अंध मुलींना ब्रेल शिकवू लागली.

या बायकांना बायबल वाचून दाखवताना रमाबाईंच्या लक्षात आलं, की उपलब्ध मराठी भाषांतर त्यांना कळत नाही. संस्कृत शब्दांनी ते जड झालं होतं. कलकत्त्यात संस्कृत बायबल हातात घेऊन बसलेली वीस वर्षांची मुलगी आठवते? आता तोच अनुभव समोरच्या हजारभर बायकांचा होता. फक्त या वेळी अडचण परकी भाषा नव्हती, शिकलेल्यांची मराठी हीच होती. ज्या बाईनं इंग्लंडमध्ये लॅटिनविरुद्ध संस्कृताची बाजू घेतली, तीच आता मराठीतलं संस्कृत उपसायला बसली.

इंग्रजीवरून भाषांतर करायचं नाही, हेही ठरलं. चाळिशी उलटल्यावर, कानांनी जवळजवळ दगा दिलेला असताना, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९०५ च्या सुमारास काम सुरू झालं आणि पुढची सतरा-अठरा वर्षं ते चाललं. भाषांतर शब्दाला फार चिकटलेलं आहे, जागोजागी ठेचकाळतं, ही तक्रार रास्त आहे. मूळ अर्थ सुटू नये या धास्तीनं वाक्याची लय गेली. पण शब्द मात्र चुलीपाशी बोलले जाणारे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. वय ४०. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. केडगावच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले आणि १९२४ मध्ये ते पुस्तक बाहेर आलं.